नकार न ऐकणारा प्रेमी: रंगभूमीवरच्या एका जुन्या पात्राची ओळख

गोव्यात कार्तिकापासून शिमग्यापर्यंत गावोगावच्या जत्रांना आणि देवळांच्या उत्सवांना जी नाटके होतात, त्यांत एक पात्र या ना त्या रूपाने हटकून भेटते. पौराणिक नाटकात तो राजाचा मेहुणा किंवा सेनापती असतो, संगीत नाटकात पैसेवाला म्हातारा किंवा दागिन्यांनी मढलेला भित्रा तरुण असतो, आणि सामाजिक नाटकात गावच्या बड्या घरातला मुलगा असतो. त्याला एक स्त्री हवी असते, तिला तो नको असतो, तिने तसे सांगितलेले असते आणि तरीही तो थांबत नाही. प्रेक्षकांचा तो लाडका असतो, कारण त्याच्या प्रवेशांना हशा आणि टाळ्या ठरलेल्या असतात. हौशी मंडळींत ही भूमिका कोणाच्या वाट्याला जाणार यावरून तालमी सुरू होण्याआधीच चुरस लागते. हे पात्र कसे घडवलेले असते, आणि त्याचे एकच वागणे पाहून आपण कधी हसतो, कधी घाबरतो आणि कधी चक्क त्याची बाजू कशी घेतो, हे येथे समजून घ्यायचे आहे.

प्रेम एकाच बाजूने असणे हा या पात्राचा विशेष नव्हे. मनातले कधीच न बोलणारा माणूस किंवा विचारून नकार मिळाल्यावर बाजूला होणारा माणूस ही वेगळी पात्रे आहेत. त्यांचे दुःख त्यांच्यापाशीच राहते. आपल्या पात्राची गोष्ट नकारानंतर सुरू होते. लेखकाच्या दृष्टीने ही मोठी सोय असते, कारण नकार मिळाला की प्रत्येक नवा प्रयत्न म्हणजे एक नवा प्रवेश होतो आणि प्रत्येक प्रवेश आधीच्यापेक्षा चढता ठेवता येतो: आधी निरोप, मग भेटवस्तू, मग मध्यस्थ, मग वाट अडवणे, मग धमकी आणि शेवटी अंगावर हात. कथानक असे आपोआप पुढे सरकत असल्यामुळे लेखकांनी हे पात्र शतकानुशतके सोडलेले नाही. मात्र हा माणूस हास्यास्पद ठरतो, भयंकर ठरतो की नायक ठरतो, हे त्याच्या वागण्यावरून फारसे ठरत नाही, असे मला अनेक नाटके पाहून वाटते. ते ठरते तिच्या नकाराचे कथा काय करते यावरून.

आपल्या साहित्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. शृंगाररसाचा स्थायी भाव रती, म्हणजे प्रेमाची ओढ. 14व्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पण' या ग्रंथात शृंगार कोठे अनुचित होतो हे सांगताना, जी रती दोघांच्या ठायी नसून एकाच्याच ठायी आहे, तिचाही समावेश केला आहे. अशा ठिकाणी जे निर्माण होते तो रस नव्हे, रसाभास होय. शब्द शृंगाराचे, हावभाव शृंगाराचे, चंद्र आणि मोगराही तोच. पण प्रेक्षकाला जो अनुभव यायला हवा तो येत नाही. त्याच्या आधी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रावणाच्या सीतेविषयीच्या ओढीचे उदाहरण घेऊन त्याहून खोल जाणारी गोष्ट सांगितली होती. सीता आपली उपेक्षा करते किंवा आपला द्वेष करते, ही जाणीव रावणाच्या हृदयाला शिवतच नाही; ती शिवली तर त्याचा अभिलाषच विरून जाईल, असे तो म्हणतो. या एका निरीक्षणात या पात्राची सगळी यंत्रणा आली. रावणाने नकार कानांनी ऐकलेला आहे, अशोकवनात सीतेने तो पुन्हा पुन्हा स्पष्ट शब्दांत दिलेला आहे, पण तो आत पोहोचू न देणे हीच त्याच्या इच्छेची अट आहे. आणि भरतमुनींनी शृंगारातून हास्य उपजते असे जे म्हटले, त्याचा अर्थही अभिनवगुप्त याच दिशेने लावतो: जो माणूस समोरचे वास्तव पाहतच नाही, त्याचे प्रेमाचे बोलणे बाहेरून पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटू लागते.

हे तत्त्व रंगमंचावर पाहायचे असेल तर शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला शकार पाहावा. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला शकार परका नाही. तो राजाचा मेहुणा आहे, आणि हे नाते हीच त्याची एकमेव मिळकत आहे. पहिल्या अंकात उज्जयिनीच्या रस्त्यावर रात्रीच्या काळोखात तो, त्याचा विट (सुशिक्षित, रसिक सोबती) आणि त्याचा चेट (गुलाम) असे तिघे गणिका वसंतसेनेच्या मागे धावतात. शकार तिला पौराणिक उपमा देतो आणि प्रत्येक उपमा चुकवतो. रावणाच्या तावडीत सापडलेल्या कुंतीसारखी तू माझ्या हाती लागली आहेस, असे तो म्हणतो आणि प्रेक्षक हसून लोळतात. काळोखात ती दिसेनाशी होते. विटाला तिची दया येते, आणि वास तुझ्या माळेचा येतो, आवाज तुझ्या दागिन्यांचा येतो, असे तो अशा बेताने बोलतो की तिला सूचना मिळावी. ती सूचना घेऊन वसंतसेना माळ काढते आणि नूपुरे वर सारते. शकार मात्र म्हणतो की माळेचा वास मला ऐकू येतो, पण नाक काळोखाने भरल्यामुळे दागिन्यांचा आवाज नीट दिसत नाही. मग तो चाचपडत आधी विटाला पकडतो, मग चेटाला, आणि शेवटी वसंतसेनेचे ज्याच्यावर प्रेम आहे त्या गरीब ब्राह्मण चारुदत्ताच्या घरातून बाहेर आलेल्या रदनिका या दासीचे केस धरतो.

हा प्रवेश मी उत्सवी रंगमंचावर पाहिला आहे, आणि चांगला नट असेल तर त्यातला विनोद खरोखर अनावर असतो. तरीही प्रत्यक्षात काय चालले आहे ते उपमा आणि चाचपडणे बाजूला ठेवून पाहावे. तीन पुरुष रात्री एका एकट्या स्त्रीचा पाठलाग करीत आहेत, तिचा सुगंध आणि तिच्या पायांतला नाद हेच तिचे शत्रू झाले आहेत, आणि जी हाताला लागली ती दुसरीच स्त्री केसांनी ओढली जात आहे. शूद्रकाने हे नजरेआड केलेले नाही. याच धावपळीत त्याने वसंतसेनेच्या तोंडी एक सरळ वाक्य ठेवले आहे: गुण हे प्रेमाचे कारण असते, बळजबरी नव्हे. याला शकाराचे उत्तर काय, तर कामदेवाच्या देवळाच्या बागेत त्या दरिद्री चारुदत्ताला पाहिल्यापासून ही माझ्यावर प्रेम करीत नाही. म्हणजे नकार त्याच्या कानावर पडला. पण तो तिचा निर्णय न राहता दुसऱ्या पुरुषाने केलेली चोरी झाला. अभिनवगुप्ताने सांगितलेले न शिवणे ते हेच.

आठव्या अंकात हाच विनोदी माणूस बागेत तिचा गळा आवळतो. त्याआधी तो विटाला तिला मारायला सांगतो, विट नकार देतो. चेटाला सोन्याची कडी देऊ करतो, तो गुलाम असूनही परलोकाचे भय दाखवून नकार देतो. तेव्हा दोघांना दूर पाठवून तो स्वतःच तिचा गळा दाबतो, तिला पानांखाली झाकतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. ती वाचते ती एका बौद्ध भिक्षूमुळे. पहिल्या अंकातले हसू आणि आठव्या अंकातले हात एकाच माणसाचे आहेत, आणि शूद्रक आपल्याला आधी हसवून मग तेथे नेतो, ही त्याची मोठी ताकद आहे. दहाव्या अंकात वधस्थानी पोहोचलेली वसंतसेना चारुदत्ताच्या गळ्यातली वध्यमाला, म्हणजे देहदंड झालेल्याला घातलेली माळ, काढते आणि शकाराच्या अंगावर फेकते. त्यानंतर चारुदत्त त्याला अभय देतो खरा, पण तिचे उत्तर त्याआधी देऊन झालेले असते. इतके स्पष्ट उत्तर द्यायची संधी या प्रकारच्या फार थोड्या नाटकांत स्त्रीला मिळते.

शकाराचे साथीदार ऐन वेळी मागे हटतात. कीचकाच्या कथेत उलट घडते, आणि म्हणून ती मला अधिक अस्वस्थ करते. विराटपर्वात कीचक हा विराट राजाचा सेनापती आणि सुदेष्णा राणीचा भाऊ आहे. द्रौपदी सैरंध्री म्हणून त्याच राणीच्या सेवेत आहे. सैरंध्री त्याला स्पष्ट सांगते की माझे गंधर्व पती आहेत, माझ्या वाटेला जाऊ नकोस. कीचक बहिणीकडे जातो. सुदेष्णा काय करते? ती सैरंध्रीला सुरा आणायला म्हणून कीचकाच्या घरी पाठवते. सैरंध्री विनवते, मला तिकडे पाठवू नका म्हणते, तरी राणी तिच्या हाती सुरेचे भांडे देते. तेथून निसटून ती थेट राजसभेत धावते. कीचक तिच्या मागोमाग येऊन भर सभेत राजासमोर तिला लाथ मारतो, आणि विराट काहीही करीत नाही. सेनापती दुखावला जाऊन चालणार नसते. मग ती रात्री स्वयंपाकघरात भीमाला गाठते आणि नृत्यशाळेत कीचकाचा शेवट होतो, हा भाग सर्वांना पाठ असतो. मारामारी रंगते म्हणून नाटकांत तोच लांबवला जातो. माझ्या मते या कथेचा गाभा सुदेष्णेने दिलेल्या त्या भांड्यात आहे. एकटा पुरुष सहसा असा फार काळ मागे लागू शकत नाही. त्याला निरोप नेणारे, वेळ जुळवून देणारे, 'एकदा भेटून तर बघ' म्हणणारे आणि सभेत खाली पाहणारे लोक लागतात. व्यासांनी ते सगळे एकाच पर्वात उभे केले आहेत. कीचक मेल्यानंतर त्याचे भाऊबंद, ते एकशे पाच उपकीचक, तिलाच दोषी धरून त्याच्या प्रेताबरोबर जाळायला निघतात, इथपर्यंत.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला पाहिले आणि सैरंध्रीत पारतंत्र्यातल्या देशाला. सरकारलाही ते दिसले आणि 1910 साली नाटकावर बंदी आली. हे रूपक इतके चपखल बसले, कारण सत्तेच्या जोरावरचा हव्यास आणि त्यापुढे गप्प बसणारी सभा ही जोडी मुळातच राजकीय आहे.

येथे दशावतार या लोकनाट्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत तो आजही रात्र रात्र चालतो. त्यात संवाद लिहून पाठ केलेले नसतात. आख्यान ठरलेले असते आणि बोलणे कलाकार तेथल्या तेथे रचतात. त्यामुळे मागे लागणाऱ्या पात्राला हशा मिळाला की त्याचा पाठलाग वाढतो, आणखी हशा मिळाला की आणखी वाढतो. प्रवेशाची लांबी प्रेक्षकच ठरवतात. स्त्रीवेषातला कलाकार कसलेला असेल तर तो एका तिखट उत्तराने डाव उलटवतो, आणि तेव्हा मिळणारी टाळी आधीच्या सगळ्या हशांपेक्षा मोठी असते, हे जाणकार प्रेक्षकांना ठाऊक आहे.

आता हेच वागणे नायकाचे कसे होते ते पाहू. कृती बदलाव्या लागत नाहीत. रस्ता अडवणे, घराखाली थांबणे, मैत्रिणीकडून पत्ता काढणे, नकारानंतर पुन्हा येणे हे सर्व तसेच ठेवता येते. लेखक फक्त तीन-चार गोष्टी हलवतो. तो आपल्याला पाठलाग करणाऱ्याच्या घरी नेतो, त्याची आई, त्याची गरिबी, त्याचे जागरण दाखवतो. तिच्या घरी मात्र आपण जात नाही. तो पाठलागावर गाणे घालतो. तो तिच्या आसपास याच्याहून वाईट असा दुसरा पुरुष उभा करतो, म्हणजे हा आपोआप चांगला ठरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटी तो तिचा होकार देतो. होकार आला की आधीचे सगळे नकार मागे जाऊन लटके ठरतात. तिला तेव्हाही तेच हवे होते, ती केवळ परीक्षा पाहत होती, असा उलटा अर्थ लागतो. अनेक वर्षांच्या हिंदी आणि मराठी चित्रपटांनी हा साचा इतका गिरवला आहे की प्रेक्षकाला तो साचा वाटतही नाही.

याचा परिणाम पाहणाऱ्यावर होतो का, हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधक ज्युलिया लिपमन यांनी तपासले. त्यांनी काही स्त्रियांना चिकाटीचा पाठलाग गोड करून दाखवणारे चित्रपट आणि काहींना तोच पाठलाग भीतिदायक म्हणून दाखवणारे चित्रपट दाखवले. गोड चित्रण पाहणाऱ्या आणि ते खरे मानणाऱ्या स्त्रियांनी पाठलाग फारसा गंभीर नसतो अशा समजुतींना अधिक पाठिंबा दिला. स्वतः स्त्री असूनही, हे लक्षात घेतले पाहिजे.

मानसशास्त्राने या पात्राच्या दोन्ही बाजू अभ्यासल्या आहेत. डोरोथी टेनोव्ह यांनी 1979 साली उत्कट, अनावर ओढीचे वर्णन करताना दाखवून दिले की ती आशा आणि अनिश्चितता यांच्या मिश्रणावर पोसली जाते; आशेची पूर्ण उपासमार झाली तर ती ओसरते. अभिनवगुप्त आणि टेनोव्ह यांच्यामध्ये हजारेक वर्षे आहेत, पण निरीक्षण जवळजवळ एकच आहे. नकार मनाला शिवला की इच्छा विरते, म्हणून इच्छेला नकारातही आशा शोधावी लागते: ती हसली, तिने पत्र फाडले पण फेकले नाही, तिने उत्तर दिले म्हणजे तिला उत्तर द्यावेसे वाटले. दुसरी बाजू रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांच्या 1993 सालच्या अभ्यासात सापडते. एकतर्फी प्रेमाच्या आठवणी दोन्ही बाजूंनी लिहून घेतल्यावर असे दिसले की नकार देणाऱ्यालाही अपराधी वाटते, चीड येते, आणि काय बोलावे ते कळत नाही. कारण प्रेम मागणाऱ्याने कसे वागावे हे शेकडो कथा-गाणी शिकवतात, नकार देणाऱ्याने कसे वागावे हे जवळजवळ कोणीच शिकवत नाही. ही उणीव साहित्याची आहे, असे मी मानतो. आपण मागणाऱ्याला पदे दिली, ताना दिल्या, स्वगते दिली. नाही म्हणणारीला काय दिले? देवलांच्या 1899 सालच्या 'शारदे'त पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाच्या लग्नाच्या हौसेवर विनोदी पद आहे, पण त्याच नाटकात शारदेच्या तोंडी भीतीचे पदही आहे. देवलांनी हसू आणि भीती दोन्ही सुरांत बांधून ठेवली, म्हणून ते नाटक समाजाला लागले.

कायद्याने ही रेषा अलीकडे आखली. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही पुरुषाने वारंवार तिचा पाठलाग करून संपर्क साधणे किंवा साधण्याचा प्रयत्न करणे, तसेच तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे, हा 2013 च्या दुरुस्तीने गुन्हा झाला; 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यालाही नकार हाच निर्णायक बिंदू धरावा लागला.

स्त्री मागे लागते तेव्हा कथा वेगळी वागते, आणि हा फरक न्यायाचा नाही. शूर्पणखेचे नाक-कान जातात, आणि तो प्रसंग विनोदाने रंगवण्याची प्रथा आहे. तिच्या बाजूने पद लिहावे असे क्वचितच कोणाला वाटले. दैत्यगुरू शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हिची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. कच तिच्या घरी राहिला, तिची सेवा केली, तिला गाऊन रमवले. दैत्यांनी त्याला मारले तेव्हा प्रत्येक वेळी तिच्या हट्टाने तो जिवंत झाला. शुक्राचार्यांकडून संजीवनी विद्या मिळाल्यावर त्याने तिला नाही म्हटले: मी शुक्राचार्यांच्या उदरातून बाहेर आलो, तेव्हा तू माझी बहीण. तिने त्याला शाप दिला, त्याने उलट शाप दिला. कचाचा नकार पूर्ण वैध आहे आणि देवयानीची अपेक्षाही कोठून आली हे आपल्याला दिसते. तरीही अपेक्षेने हक्क निर्माण होत नाही, हे महाभारताने कोणालाही राक्षस न बनवता दाखवले. या पात्राविषयी लिहू पाहणाऱ्याने शकारानंतर हा प्रसंग वाचावा. मागणारा नेहमीच मूर्ख किंवा दुष्ट नसतो. कधी तो खरोखर दुखावलेला असतो, आणि नकार तरीही नकारच असतो.

आज गोव्यातल्या नाट्यस्पर्धांसाठी नव्या संहिता लिहिणाऱ्यांपुढे हे पात्र मोबाइल घेऊन आले आहे. आता पाठलागाला रस्ता लागत नाही. पहाटे दोनला आलेले संदेश, नंबर अडवला की दुसऱ्या नंबरावरून येणारे संदेश, खोट्या नावाने उघडलेली खाती, हे सगळे त्याचे नवे विट आणि चेट आहेत. तंत्राच्या दृष्टीने लेखकाची यात अडचण होते, कारण मागे लागणारा रंगमंचावर दिसतच नाही आणि हशा मिळवणारी त्याची चाल, उपमा आणि पडझड हातातून जाते. प्रकाशात उरते ती फोन हातात धरलेली, काय उत्तर द्यावे किंवा देऊच नये याचा विचार करणारी स्त्री. इतक्या वर्षांत ज्या बाजूला प्रवेश मिळाला नाही, तिला तो देण्यावाचून आता लेखकापुढे दुसरा मार्ग नाही, आणि त्या प्रवेशात तिने काय बोलावे हे लिहायचे काम अजून बरेचसे बाकी आहे.